प्रयोग करा, फक्त फसू नका

शिक्षकांनी सर्जनशील व्हावं, असा आदेश आहे. सोबत विहित नमुना जोडला आहे.

नमुन्यात रकाने आहेत. उपक्रमाचं नाव, उद्दिष्ट, साहित्य, कृती, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद, निष्पत्ती. हे सगळं आदल्या दिवशी भरायचं. उद्या मुलांना काय सुचणार, ते शिक्षकाला आज रात्री जेवण झाल्यावर सुचलं पाहिजे.

तसं हे वळण जुनंच. बीएडला पाठाच्या वहीत दोन उभे रकाने आखायला लावतात. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती. शिक्षक विचारणार, "मुलांनो, खूप पाऊस पडला की काय होतं?" समोरच्या रकान्यात उत्तर तयार, "नद्यांना पूर येतो." लगेच हेतुकथन, "तर आज आपण पुराविषयी शिकणार आहोत." पण एखादं पोर म्हणालं, "आमचं घर गळतं," तर? मागच्या बाकावरचे पाठ निरीक्षक पेनाचं टोपण काढतात.

उत्तर चुकीचं नव्हतं. त्याला रकाना नव्हता.

आणि अशा वहीवर घडवलेल्या माणसाला वीस वर्षांनी सांगायचं, आता मुलांच्या उत्तरांतून पाठ पुढे न्या. पाठ कुठे जाणार हे ठाऊक नसताना वर्गात शिरायचं कसं, हे त्याला कोणी, कधी शिकवलं? त्याच्या शिक्षकांना तरी कोणी शिकवलं होतं?

बरं, शिक्षक घाबरतात म्हणजे नेमकं कशाला? मुलांच्या गोंगाटाला? त्याची त्यांना सवय आहे. मेणबत्तीला घाबरतात.

ताटलीत पाणी घ्या. मधोमध पेटती मेणबत्ती ठेवा. वर काचेचा ग्लास पालथा घाला. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. का? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर असं: ज्योतीने ऑक्सिजन संपवला, हवेत तो साधारण एक पंचमांश, म्हणून त्याच्या जागी तेवढं पाणी आलं. सुटसुटीत. दोन गुणांना पुरेसं.

मग चौथ्या बाकावरची पोरगी म्हणते, "बाई, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

लावतात. पाणी आधीपेक्षा जास्त चढतं. ग्लास तोच, हवा तेवढीच, तिच्यातला ऑक्सिजनही तेवढाच. मग हे जादा पाणी कुणाच्या जागी आलं? बाईंपुढे दोन वाटा असतात. पोरीला खाली बसवायचं, नाहीतर ते दोन गुणांचं उत्तर खाली बसवायचं.

पोरीला बसवणं सोपं. तिला पगारवाढ रोखता येत नाही.

खरं कारण फारसं अवघडही नाही. ज्योतीने हवा तापते, फुगते, ग्लास ठेवताना आणि ठेवल्यावर तिच्यातली थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी वर येतं. मेणबत्त्या जास्त, तर तापणं जास्त, निसटणं जास्त, चढणं जास्त. आणि ज्योत तर सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझलेली असते. पाण्यात ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे येतात का, एवढं पोरांना बघायला लावलं तरी अर्धं कोडं सुटतं.

पण हे बाईंना सांगितलं कोणी? प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं, "मुलांना प्रश्न विचारू द्या." विचारल्यावर काय करायचं, तो भाग बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर होता. जेवणानंतर केंद्रावरची वीज गेली.

प्रशिक्षण वरून खाली येतं. राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुका, केंद्र. वरच्या पायरीवर कोणीतरी खरोखर माती मळलेली असते. दुसऱ्या पायरीवर मातीचं सादरीकरण असतं. तिसरीवर सादरीकरणाचे फोटो. शेवटच्या पायरीवर हजेरीपट. तीन दिवस खुर्चीत बसून ऐकायचं, की मुलांना एका जागी बसवून शिकवू नका.

आणि सुलभकाला प्रश्न विचारला की तो म्हणतो, "त्यावर आपण शेवटी येऊ." त्यालाही मेणबत्ती ठाऊक आहे.

दहाएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं नाव राज्यभर झालं. ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष पाहायला शिक्षकांच्या गाड्या भरभरून जायच्या. तिथल्या शिक्षकांनी खरोखर कष्ट घेतले होते, मुलं खरोखर शिकत होती. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि कुमठे सगळीकडे न्यायचं ठरलं. पाहुण्यांच्या नजरेत काय भरलं? जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या. परत आल्यावर लोकवर्गणी काढली, ऑइलपेंट आणला, गावोगावच्या फरश्या रंगल्या. ज्ञानाची रचना मुलांनी करायची होती. ती रंगाऱ्याने दोन दिवसांत करून दिली.

भिंती तर त्याआधीच बोलक्या झाल्या होत्या. मुलांनी गप्प बसायचं, एवढंच उरलं होतं.

फरशी मात्र खरी बिचारी. ती दाखवता येते, मोजता येते, तिचा फोटो निघतो. कुमठ्याच्या शिक्षकांनी वर्गात पहिल्या सहा महिन्यांत जो गोंधळ सोसला असेल, त्याचा फोटो कुठे निघतो?

फोटोवरून आठवलं. आज उपक्रम झाला की नाही, हे मुलांना विचारत नाहीत. ग्रुपवर पाहतात. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, त्यावर अंगठा उमटला की शिक्षण झालं. बी रुजण्याचा प्रयोग घ्या. ओल्या कापसात मटकी ठेवली. शनिवारी ठेवली, सोमवारी पाहिली तर कापूस वाळून खडंग. का नाही रुजली, यावर वर्गात एक तास सुंदर चर्चा होऊ शकली असती. पाणी, ऊन, किती दिवस, कुणाच्या वाटीत थोडीशी रुजली नि कुणाच्या नाही. पण फोटो मंगळवारी दुपारपर्यंत हवा आहे. सर घरून मोड आलेली मटकी आणतात.

प्रयोग यशस्वी. रात्रीची उसळ तेवढी कमी पडली.

यात सर खोटारडे ठरतात का? ज्या व्यवस्थेत न रुजलेल्या मटकीला जागाच नाही, तिथे मोड घरूनच येणार. खोटेपणाची मागणी कोणी नोंदवली, ते आधी पाहा.

सर्जनशीलतेची सामग्री कुठे असते? कपाटात. 1987 च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्डपासून शाळांना साहित्याच्या पेट्या मिळत आल्या आहेत. पेटी आली की तिची जडवस्तू नोंदवहीत नोंद होते. भिंग एक, लोहचुंबक दोन, तापमापी एक. नोंद झाली की वस्तू कायमची मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसते. फुटली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, प्रस्तावावर शेरा, शेऱ्यावर खुलासा. एका तापमापीसाठी चार कागद. मग भिंगातून मुंगी कोण दाखवणार? मुंगी आपली कपाटाखालून जाते आणि भिंग कपाटात असतं.

आता पेटी मोठी झाली आहे. अटल टिंकरिंग लॅब, 2016 पासून. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. उत्साही शिक्षक मिळाला तर मुलं अशा लॅबमध्ये थक्क करणाऱ्या गोष्टी बनवतात, हे खरंच आहे. नाही मिळाला तर? कुलूप जरा भारीतलं येतं.

इथे शेजारच्या राज्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याकडे कोणी फारशी सांगत नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान हाताने शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. शाळा सरकारी, शिक्षक साधे, गावातलेच. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक मदतीला आले. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते. उत्तरं नव्हती.

पुन्हा वाचा. शिक्षकाच्या हातातल्या पुस्तकात उत्तरं नव्हती.

आपल्याकडे असं पुस्तक आलं असतं, तर आठवड्याभरात त्याचं गाईड आलं असतं. तिथे काय केलं? उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना बोलावलं आणि मुलांचे सगळे प्रयोग आधी त्यांनाच करायला लावले. चुका त्यांच्याच हातून होऊ दिल्या. चार गटांची चार मापं वेगळी आली की खरं कुठलं हे न सांगता वेगळी का आली यावर डोकं लावायला लावलं. मग वर्ष सुरू झाल्यावर दर महिन्याला बैठक. या महिन्यात काय फसलं, ते घेऊन या. मुलांसाठी 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, त्याला मुलं पत्रं लिहायची आणि उत्तरं यायची. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून. उत्तरंच नसलेलं पुस्तक उघडून कॉपी कसली करणार?

म्हणजे शिक्षकाची धाकधूक तिथेही होतीच. फरक इतकाच, की ती एकट्याने घरी नेऊन उशाला घ्यायची नव्हती. तिला महिन्यातून एकदा सतरंजीवर जागा होती.

कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला. तीस वर्षं चालला. 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. जे चालतं त्याची चौकशी आपल्याकडे आधी होते.

याच होशंगाबादेत 1978 च्या सुमारास पुण्याच्या टेल्कोतला एक इंजिनीअर रजा घेऊन गेला होता. अरविंद गुप्ता. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्याने त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे मुलांच्या बोटांना कळलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, जगाला फुकट दिली. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपण काय केलं? 'टाकाऊपासून टिकाऊ' हा गृहपाठ केला. रात्री साडेनऊला पालक स्टेशनरीच्या दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून विचारतात, "टाकाऊ वस्तू आहेत का? उद्या सकाळी द्यायच्यात."

दुकानदाराकडे असतात. नव्या कोऱ्या, साठ रुपयांचं पाकीट.

त्याहून मागे जायचं तर कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात, म्हणून शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा. मुलं किती येतील, कधी येतील, शिकतील की गुरं वळायला उठून पळतील, काहीच नक्की नाही. आज कोणी असं काही करायला निघालं, तर पहिला प्रश्न येईल, कुरणाचा यू-डायस क्रमांक काय? दुसरा, जिओटॅग फोटो? तिसरा, गुरांची पटनोंदणी कोणत्या रजिस्टरला?

शिक्षकांनाही चिमटा काढायलाच हवा, नाहीतर हे सदर त्यांच्या संघटनेचं पत्रक वाटायचं. चोवीस वर्षं एकच टाचण चालवणारे आहेत. दर जूनला वरची तारीख बदलते. त्यांना कोणतीही नवी पद्धत नकोच असते, आणि नको म्हणायला मेणबत्ती, गोंगाट, पालक, पोषण आहार असं काहीही पुरतं. "मला माहीत नाही, चला बघू या," हे वाक्य वर्गात उच्चारलं तर छत कोसळेल, असं त्यांना मनापासून वाटतं. अरे, छत पडायचं तर ते बांधकामाच्या दर्जामुळे पडेल!

पण तेवढंच. कारण जो खरंच बघू या म्हणतो, त्याच्याकडे बघा. शाळा द्विशिक्षकी. वर्ग चार. एका कोपऱ्यात पहिलीची मुलं खडे मोजतायत, दुसऱ्या कोपऱ्यात चौथीचा अपूर्णांक चाललाय, बाहेर खिचडीचा तांदूळ मोजायचाय, दुसरे सर मतदार यादीच्या कामावर. त्यात तो बापडा भाकरीचे चार तुकडे करून एक चतुर्थांश दाखवायला जातो, आणि मुलं तुकडे समान झाले नाहीत म्हणून भांडतात. ते भांडण म्हणजे अख्खा पाठ आहे. नेमके त्याच वेळी विस्तार अधिकारी दारात येतात.

शेरेबुकात नोंद: वर्गात शिस्त आढळली नाही.

संध्याकाळी पालक येतात. "सर, वही कोरी कशी?" मुलगा घरी सांगतो, आज भाकरी मोडली. पालकांना हसणं सोपं. त्यांनी दहावीचा बोर्ड पाहिलाय, ते मुलाला दहावीपर्यंतच मोजतात. तिथे भाकरी मोडून कोणी गुण देत नाही, हे ते स्वतःच्या अंगावर शिकलेत. त्यालाही कृतियुक्त शिक्षणच म्हणायचं ना?

बोर्डानेही काळाबरोबर चालायचं ठरवलं. भाषांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. पाठांतर बंद, मुलाने स्वतःचं मत लिहायचं. 'स्वमत' असा वेगळा प्रश्नच आला. पुढच्या हंगामात गाईडं आली. त्यांत स्वमताची उत्तरं होती. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत मुलांचं स्वतःचं मत शब्दशः जुळायला लागलं. राष्ट्रीय एकात्मता आणखी काय असते?

वर्णनात्मक नोंदींचंही तेच. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतः निरीक्षण करून लिहायचं. आता तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. 'गटात मिळून मिसळून राहतो.' 'स्वतःहून प्रश्न विचारतो.' कॉपी, पेस्ट. मुलाचं नाव बदललं की निरीक्षण पूर्ण. मुलगी असेल तर 'राहते' करायचं राहून जातं, तेवढीच सर्जनशीलता.

2024 मध्ये आनंददायी शनिवार आला. पहिली ते आठवीच्या मुलांनी शनिवारी आनंदाने शिकायचं. चांगलंच आहे की! फक्त सोमवार ते शुक्रवार काय चालतं, हे सरकारने असं उघडपणे कबूल करायची गरज नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसही आहेत. ते दहा दिवस कसे घालवायचे, याचं नियोजन शिक्षकाने दप्तरी सादर करायचं.

एक साधी मागणी आहे, मान्य होणार नाही म्हणून बिनधास्त करतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेत यशोगाथांसाठी वेळ असतो. त्यातला अर्धा तास फसलेल्या प्रयोगांना द्या. कोणाची मटकी रुजली नाही, कोणाचा गट भांडला, कोणाला तीन मेणबत्त्यांचं उत्तर देता आलं नाही. फोटो नको, निष्पत्ती नको, ग्रुपवर काही टाकायचं नाही. होशंगाबादला जमलं होतं.

पण तिथे अडचण होईल. केंद्रप्रमुखांनाही वर माहिती पाठवायची असते. 'फसलेले प्रयोग: संख्या' असा रकाना येईल. पुढच्या महिन्यात त्याचं उद्दिष्ट येईल. त्यानंतर तालुक्यातला सर्वोत्कृष्ट फसलेला प्रयोग निवडून त्याला शाल-श्रीफळ.

आणि हे सगळं कोणासाठी? 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मेणबत्तीवाल्या बाई, मटकीवाले सर, भाकरीवाला तो तरुण अशा बहुतेकांच्या डोक्याला वेगळीच काळजी आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाचहून जास्त वर्षं नोकरी उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. वीस-वीस वर्षं शिकवलेल्यांनीसुद्धा. 150 प्रश्न, 150 मिनिटं. त्यातले 30 बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्रावर. म्हणून हल्ली दुपारच्या सुट्टीत भिंग कपाटातच असतं आणि टेबलावर प्रश्नसंच उघडा.

प्रश्न या धाटणीचे: ज्ञानरचनावादी वर्गात शिक्षकाची भूमिका कोणती? पर्याय चार. मार्गदर्शक, सुलभक, निरीक्षक, सहअध्ययनार्थी. सकाळीच पोरांबरोबर भाकरी मोडून आलेल्या माणसाला चारही बरोबर वाटतात. गोल एकच काळा करायचा. दोन केले तर शून्य.